तांबड्या समुद्रात जहाजांवर पुढचा हल्ला कधी? आकड्यांत अंदाज बांधण्याची रीत

पुढच्या तीस दिवसांत तांबड्या समुद्रात एखाद्या व्यापारी जहाजावर हल्ला होईल का? वाहिन्यांवरचे जाणकार याला ‘परिस्थिती तणावपूर्ण आहे’ असं उत्तर देतात. ते कधीच खोटं ठरत नाही, कारण त्यात काही सांगितलेलंच नसतं. ‘सतरा टक्के’ म्हणणारा माणूस मात्र महिनाअखेरीस तपासता येतो. असा तपासता येणारा आकडा घरबसल्या, उघड माहितीवरून कसा काढायचा ते इथे पायरीपायरीने मांडतो. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: नोव्हेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२५ या काळातले हुतींचे हल्ले. हुती म्हणजे येमेनचा मोठा भाग ताब्यात असलेला, इराणचा पाठिंबा असलेला सशस्त्र गट. गाझातल्या युद्धात पॅलेस्टिनींच्या बाजूने म्हणून त्याने जहाजांवर हल्ले सुरू केले. शिकायला यापेक्षा चांगलं प्रकरण मिळणं अवघड. यात आठवड्याला दोनच्या आसपास हल्ले होणारं वर्ष आहे, मग सुमारे सात महिन्यांची शांतता आहे, आणि त्या शांततेनंतर चार दिवसांत बुडालेली दोन जहाजं आहेत.

हा खटाटोप फक्त भाकितांच्या स्पर्धा खेळणाऱ्या हौशी मंडळींसाठी नाही. युरोपला द्राक्षांचे कंटेनर पाठवणाऱ्या नाशिकच्या निर्यातदाराला २०२४च्या हंगामात आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या जहाजांचे वाढीव दिवस आणि वाढीव भाडं दोन्ही सोसावं लागलं. कोकणात ज्या घरातला मुलगा जहाजावर आहे, त्या घराचा प्रश्न तर आणखी वेगळा. प्रश्न बदलला की आकडा बदलतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

पायरी १ : प्रश्न वकिलासारखा वाचा

‘हल्ला’ म्हणजे काय, हे ठरवल्याशिवाय कागदावर एकही आकडा लिहू नका. क्षेपणास्त्र सुटलं आणि जहाजापासून लांब पाण्यात पडलं, तर तो हल्ला धरायचा का? बहुतेक याद्यांमध्ये धरतात. जहाजाचं नुकसान झालं तरच मोजायचं म्हटलं तर संख्या एकदम खाली येते, कारण बहुतांश नेम चुकलेले आहेत. युद्धनौकेवर सोडलेले ड्रोन मोजायचे का? सोमाली चाच्यांनी पळवलेलं जहाज मोजायचं का? १९ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘गॅलक्सी लीडर’वर हेलिकॉप्टरमधून माणसं उतरवून हुतींनी जहाज ताब्यात घेतलं. त्यात एकही क्षेपणास्त्र नव्हतं. ते ‘अपहरण’ या रकान्यात जातं की ‘हल्ला’ या?

मग मोजायचं एकक. ‘साउनियन’ या टँकरवर २१ ऑगस्ट २०२४ रोजी एकापाठोपाठ अनेक वेळा मारा झाला, खलाशी उतरवले गेले आणि नंतर हुतींनी रिकाम्या जहाजावर चढून स्फोटकं लावली. जहाजात सुमारे दीड लाख टन कच्चं तेल होतं. हे एक जहाज आहे, घटना एक म्हणा किंवा दोन, आणि वार मोजायला गेलात तर आणखी जास्त. ‘किती हल्ले होतील’ या प्रश्नात तुमचं उत्तर बरोबर की चूक हे अशा एका जहाजावर ठरू शकतं.

भूगोलही तपासा. ‘तांबडा समुद्र’ म्हटल्यावर एडनचं आखात त्यात आहे का? २९ सप्टेंबर २०२५ रोजी ‘मिनर्व्हाग्राख्त’ या डच जहाजावर हल्ला झाला तो एडनच्या आखातात. काटेकोर वाचलं तर तो तांबड्या समुद्रातला नाही. २३ डिसेंबर २०२३ रोजी ‘केम प्लुटो’वर ड्रोन आदळलं ते गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर, थेट अरबी समुद्रात. अमेरिकेने तो ड्रोन इराणमधून सुटल्याचं सांगितलं. हुतींच्या हल्ल्यांच्या यादीत ते बसत नाही, पण ‘मध्यपूर्वेतल्या संघर्षातून व्यापारी जहाजावर हल्ला’ अशी शब्दरचना असेल तर नक्की बसतं. बातम्या वाचणाऱ्याला हे सगळं एकच वाटतं, अंदाज बांधणाऱ्याला तसं वाटून चालत नाही.

शेवटची दोन कलमं: निकाल कोणत्या यादीवरून लागणार, आणि तारीख घटनेची धरणार की बातमीची. या क्षेत्रात दोन्हींत अनेकदा एका दिवसाचा फरक पडतो, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी तोच नडतो.

पायरी २ : स्वतःची नोंदवही तयार करा

पहिली खबर बहुतेक वेळा ब्रिटिश नौदलाच्या यूकेएमटीओ या केंद्राकडून येते. ती कोरडी असते: अमुक बंदराच्या नैऋत्येला इतके सागरी मैल, लहान बोटींमधून गोळीबार, तपास सुरू. जहाजाचं नाव त्यात सहसा नसतं. ते नंतर सागरी सुरक्षा कंपन्या, युरोपीय संघाची ‘अस्पिदेस’ ही नौदल मोहीम, अमेरिकी लष्कराची मध्यपूर्वेसाठीची सेंट्रल कमांड किंवा खुद्द हुती प्रवक्ते याह्या सारी यांच्याकडून कळतं. बहुराष्ट्रीय नौदलांचं जेएमआयसी हे केंद्र घटनांचा एकत्रित आढावा काढतं. आपल्याकडे गुरुग्रामला भारतीय नौदलाचं आयएफसी-आयओआर हे माहिती केंद्र डिसेंबर २०१८पासून काम करतं आणि हिंदी महासागरातल्या घटनांवर मासिक अहवाल देतं. मराठी वृत्तपत्रांत यातलं फार थोडं झिरपतं, त्यामुळे मूळ ठिकाणं वाचायची सवय लावून घ्या.

एका घटनेला एक ओळ. रकाने असे: तारीख, ठिकाण, जहाजाचा प्रकार, ध्वज (म्हणजे जहाज ज्या देशात नोंदलेलं आहे तो), मालक आणि व्यवस्थापक, कुठून कुठे निघालं होतं, शस्त्र कोणतं, लागलं की चुकलं, जबाबदारी कोणी घेतली आणि किती दिवसांनी. शेवटचा रकाना ‘दुरुस्ती’चा ठेवा. तो रिकामा राहत नाही. ‘साईबाबा’ या टँकरवर २३ डिसेंबर २०२३ रोजी हल्ला झाला तेव्हा अमेरिकेने ते भारतीय ध्वजाचं असल्याचं जाहीर केलं. जहाजावर २५ भारतीय होते, पण ध्वज गॅबनचा होता, आणि हे भारतीय नौदलाला स्पष्ट करावं लागलं. ‘भारतीय ध्वजाच्या जहाजावर वर्षअखेरीपूर्वी हल्ला होईल का’ असा प्रश्न कोणी लावला असता, तर पहिल्या काही तासांत तो चुकीच्या बाजूला निकालात निघाला असता.

दावा आणि घटना यांची सरमिसळ करू नका. हुतींनी न लागलेल्या वारांना लागलेले म्हटलं आहे, अमेरिकेच्या ‘आयझेनहॉवर’ या विमानवाहू नौकेवर मारा यशस्वी झाल्याचंही सांगितलं आहे. उलट ‘मिनर्व्हाग्राख्त’च्या वेळी जबाबदारी लगेच घेतली नव्हती. म्हणून दावा वेगळ्या रकान्यात आणि पुष्टी वेगळ्या.

पायरी ३ : सरासरी काढा, आणि तिच्यावर पूर्ण विसंबू नका

नोव्हेंबर २०२३ ते डिसेंबर २०२४ या काळात हुतींनी शंभरहून अधिक व्यापारी जहाजांना लक्ष्य केलं. काळ सुमारे ५५ आठवड्यांचा, म्हणजे आठवड्याला साधारण १.८. सांख्यिकीत अशा तुरळक, सुट्या घटनांसाठी पॉयसन वितरण वापरतात. त्याचं एकच सूत्र इथे पुरतं: एकही घटना न घडण्याची शक्यता म्हणजे ई या स्थिरांकाचा (२.७१८) उणे सरासरी इतका घात. चार आठवड्यांची सरासरी ७.२. ई चा उणे ७.२ घात काढा, उत्तर येतं ०.०००७५. म्हणजे डिसेंबर २०२४मध्ये या हिशेबाने बसलेल्या माणसाने पुढचा महिना शांत जाण्याची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी धरली असती.

प्रत्यक्षात डिसेंबर २०२४च्या दुसऱ्या आठवड्यापासून ६ जुलै २०२५पर्यंत एकाही व्यापारी जहाजावर हुतींचा पुष्टी झालेला हल्ला नाही.

सूत्रात चूक नाही. सूत्र धरून चालतं की घटनांचा वेग सगळा काळ सारखाच आहे, आणि इथे तो तसा नाही. मुंबईच्या वर्षभराच्या पावसाची दैनिक सरासरी काढून जानेवारीत छत्री घेऊन फिरणाऱ्यासारखं हे होतं. पाऊस किती पडेल याआधी पावसाळा आहे का, हे विचारावं लागतं.

पायरी ४ : आधी अवस्था ओळखा

या लेखातली सगळ्यात जास्त वेळ द्यायची पायरी हीच. हल्ल्यांच्या दोन अवस्था माना: ‘चालू’ आणि ‘बंद’. हुतींच्या बाबतीत अवस्था कशाने बदलली, याचा माग तारखांवरून काढा.

१४ नोव्हेंबर २०२३ रोजी हुतींचे नेते अब्दुल मलिक अल-हुती यांनी भाषणात इस्रायली जहाजांवर नजर असल्याचं सांगितलं आणि पाचव्या दिवशी इस्रायली मालकाशी संबंध असलेलं ‘गॅलक्सी लीडर’ त्यांच्या ताब्यात गेलं. गाझातला आठवडाभराचा विराम १ डिसेंबरला संपला, ३ डिसेंबरला तीन जहाजांवर मारा झाला. ९ डिसेंबरला इस्रायलकडे जाणाऱ्या कुठल्याही देशाच्या जहाजाला मनाई जाहीर झाली आणि घटनांचा वेग वाढला. १९ जानेवारी २०२५ला गाझात शस्त्रसंधी लागू झाली, तीन दिवसांनी ‘गॅलक्सी लीडर’चे २५ खलाशी सुटले. १० ऑक्टोबर २०२५ला पुन्हा शस्त्रसंधी, आणि समुद्र पुन्हा शांत. कळ गाझात आहे, हे या तारखा ओरडून सांगतात.

आता कोणत्या गोष्टींनी अवस्था बदलली नाही तेही पाहा. माझ्या मते ही यादी पहिलीपेक्षा उपयोगी आहे, कारण वर्तमानपत्रांचे मथळे हिच्यावरच असतात. १२ जानेवारी २०२४ रोजी अमेरिका आणि ब्रिटनने येमेनवर बॉम्बहल्ले सुरू केले. लगेच १५, १६ आणि १७ जानेवारीला ‘जिब्राल्टर ईगल’, ‘झोग्राफिया’ आणि ‘जेन्को पिकार्डी’ या तीन जहाजांना मार बसला. शेवटच्या जहाजाच्या मदतीला आपली ‘आयएनएस विशाखापट्टणम’ गेली होती. त्या वर्षीच्या जूनमध्ये हल्ले आणखी धारदार झाले. १२ जूनला ‘ट्युटर’ या जहाजावर मानवविरहित बोट आदळली आणि काही दिवसांनी ते बुडालं. बॉम्ब पडल्याने हल्ले थांबतील असं गृहीत धरणारे त्या सहा महिन्यांत सतत चुकले. जहाजांच्या रक्षणासाठी अमेरिकेच्या नेतृत्वाखालचं ‘ऑपरेशन प्रॉस्पेरिटी गार्डियन’ १८ डिसेंबर २०२३ला जाहीर झालं, अस्पिदेस १९ फेब्रुवारी २०२४ला. दोन्हींमुळे अनेक ड्रोन वाटेत पडले, जहाजं वाचली, पण हल्ल्याचे प्रयत्न चालूच राहिले. तुमच्या प्रश्नात प्रयत्न मोजले जाणार असतील तर नौदलाच्या मोहिमेला कमी वजन द्या, नुकसानच मोजलं जाणार असेल तर जास्त.

हवामानावर फार वेळ घालवू नका. नैऋत्य मोसमी वाऱ्यात अरबी समुद्र खवळतो आणि सोमाली चाच्यांच्या छोट्या होड्या मागे सरतात, हे खरं. जमिनीवरून सुटणाऱ्या क्षेपणास्त्राला त्याचं सोयरसुतक नसतं.

पायरी ५ : धमकी कोणाला आहे, आणि तो तिथून जातो का

११ मार्च २०२५ रोजी हुतींनी इस्रायली जहाजांवरची बंदी पुन्हा लागू केल्याचं जाहीर केलं. त्याआधी चार दिवसांची मुदतही दिली होती. १५ मार्चला अमेरिकेची नवी, मोठी बॉम्बफेक सुरू झाली आणि ती ६ मेपर्यंत चालली. त्या दिवशी ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका आणि हुतींमध्ये समझोता झाला. घोषणा आहे, मुदत आहे, वरून युद्ध आहे. मार्चच्या मध्यावर कोणाही सुज्ञ माणसाने ‘महिन्याभरात व्यापारी जहाजावर हल्ला’ याला सत्तर-ऐंशी टक्के दिले असते. एकही झाला नाही.

कारण घोषणेतच होतं. बंदी इस्रायली जहाजांपुरती होती, आणि इस्रायली जहाजं तिथे कधीचीच येईनाशी झाली होती. हुतींची क्षेपणास्त्रं त्या काळात अमेरिकी युद्धनौकांवर आणि इस्रायलवर सुटत होती. धमकीचा जोर आणि लक्ष्यांची उपलब्धता यांचा गुणाकार करायचा असतो. एक घटक शून्य असेल तर दुसरा कितीही मोठा असून उपयोग नाही.

म्हणून प्रत्येक घोषणेतून एकच गोष्ट शोधा: जहाजांचा कोणता वर्ग सांगितला आहे? इस्रायली मालकीची, इस्रायलकडे निघालेली, अमेरिकी-ब्रिटिश, की ज्या कंपनीचं एखादं जहाज कधीतरी इस्रायली बंदरात गेलं ती पूर्ण कंपनी? शेवटचा वर्ग सगळ्यात रुंद. जुलै २०२५मध्ये बुडालेली ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन्ही ग्रीक व्यवस्थापनाची, लायबेरियाच्या ध्वजाची मालवाहू जहाजं. त्या फेरीत ती इस्रायलला निघाली नव्हती, पण त्यांच्या ताफ्यातल्या इतर जहाजांनी इस्रायली बंदरं गाठलेली होती. त्याच महिन्याच्या २७ तारखेला हुतींनी हाच निकष अधिकृतपणे जाहीर केला. म्हणजे इथे कृती आधी आली आणि घोषणा मागून, हेही नोंदवून ठेवा.

हुतींची माहिती नेहमी ताजी नसते. १२ फेब्रुवारी २०२४ला त्यांनी ‘स्टार आयरिस’वर मारा केला. ते जहाज मका घेऊन इराणला, म्हणजे त्यांच्याच पाठीराख्याकडे निघालं होतं. २३ मार्चला ‘हुआंग पू’ या चिनी टँकरला क्षेपणास्त्र लागलं. एआयएसवर, म्हणजे जहाजाची ओळख आणि ठिकाण प्रसारित करणाऱ्या यंत्रणेवर, ‘चिनी खलाशी’ किंवा ‘इस्रायलशी संबंध नाही’ असं लिहून जाणारी जहाजं त्या काळात पुष्कळ दिसत. त्या पाटीवर भरवसा किती ठेवायचा, ते या दोन नावांवरून ठरवा.

उपलब्धतेचा ढोबळ आकडा सुएझ कालव्यावरून मिळतो. २०२३मध्ये कालव्यातून २६ हजारांहून अधिक जहाजं गेली, २०२४मध्ये ती जवळपास निम्मी झाली. शिवाय जी गेली त्यांतली बरीचशी आपल्याला धोका नाही असं मानणारी होती. हल्ले कमी झाले की हुती थंडावले असं लगेच म्हणू नका, सावज आटलं असेल.

नकाशावर एक बारकावा लक्षात ठेवा. तांबडा समुद्र आणि एडनचं आखात यांना जोडणारी बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी अरुंद जागी तीसेक किलोमीटरची आहे आणि मध्ये पेरिम बेट आहे, पण ते बेट आणि जवळचं मोखा बंदर हुतींच्या ताब्यात नाही. त्यांचा किनारा त्याच्या उत्तरेला, होदेदा बंदराच्या बाजूला. ‘मॅजिक सीज’वर हल्ला झाला तो होदेदाच्या नैऋत्येला ५१ सागरी मैलांवर. लहान बोटींचा धोका या पट्ट्यात जास्त. क्षेपणास्त्राला आणि ड्रोनला मात्र हे बंधन नाही.

पायरी ६ : आता आकडा जुळवा

स्वतःला १ जुलै २०२५ या तारखेला बसवा. प्रश्न: ३० जुलैपर्यंत किमान एका व्यापारी जहाजावर हुतींचा हल्ला होईल का? पुढे काय झालं ते माहीत असूनही न पाहिल्यासारखं करायचं, हा या सरावाचा नियम.

पहिला टेकू लाप्लासच्या नियमाचा, म्हणजे बरेच दिवस न घडलेल्या गोष्टीलाही थोडी शक्यता राखून ठेवणाऱ्या नियमाचा. मागचे २९ आठवडे कोरे गेले आहेत. पुढचे चारही कोरे जाण्याची शक्यता ३० (२९ अधिक १) भागिले ३४ (त्यात पुढचे चार मिळवून), म्हणजे ८८ टक्के. तेव्हा निव्वळ शांततेवरून हल्ल्याची शक्यता १२ टक्के निघते. बातम्या न वाचणाऱ्या माणसाचा हा आकडा आहे. यापासून लांब जायचं तर कारण सांगावं लागेल.

वर ढकलणारी कारणं: गाझातलं युद्ध मार्चपासून पुन्हा पेटलेलं, हुतींनी १९ मेला इस्रायलच्या हैफा बंदराच्या नाकेबंदीची घोषणा केलेली. खाली ओढणारी: ६ मेचा समझोता टिकून आहे. अमेरिका इराणवरच्या हल्ल्यात उतरली तर तिच्या जहाजांना लक्ष्य करू, असं हुतींनी २१ जूनला बजावलं, दुसऱ्याच दिवशी अमेरिकेने इराणवर बॉम्ब टाकले, आणि समुद्रात काहीच झालं नाही. इतकी मोठी संधी सोडलेल्या गटाची अवस्था ‘बंद’च राहील असं मानणं गैर नव्हतं.

या सगळ्यावरून महिन्याभरात अवस्था ‘चालू’ होण्याची शक्यता मी १८ टक्के धरतो. चालू झाली तर सरासरी दोन आठवडे हातात उरतील आणि आठवड्याला एक हल्ला धरला तर किमान एक होण्याची शक्यता ८६ टक्के. अवस्था बंद राहिली तरी चुकून, एखाद्या तुकडीच्या आततायीपणाने काही घडण्याला २ टक्के. मग ०.१८ गुणिले ०.८६, अधिक ०.८२ गुणिले ०.०२. उत्तर १७ टक्के.

६ जुलैला ‘मॅजिक सीज’वर हल्ला झाला, ७ जुलैला ‘इटर्निटी सी’वर. पहिल्यावरचे सगळे २२ जण वाचले. दुसऱ्यावर माणसं मेली, काहींना हुतींनी पकडून नेलं, आणि वाचलेल्यांत एक भारतीय सुरक्षारक्षकही होता. घटना घडली म्हणून १७ टक्के चुकीचे ठरत नाहीत. असे शंभर अंदाज केले तर त्यांतले सतराच्या आसपास घडायलाच हवेत. पण ‘मी सतराच म्हटलं होतं, त्यामुळे मी बरोबर’ ही पळवाटही घेऊ नका. त्याचा हिशेब शेवटच्या पायरीवर.

पायरी ७ : ‘किती होतील’ हा प्रश्न आला तर

समजा अवस्था चालू आहे आणि महिन्याला सरासरी चार हल्ले होताहेत. पॉयसनप्रमाणे दोन ते सहा या पट्ट्यात निकाल पडण्याची शक्यता ८० टक्के, आणि शून्याची जेमतेम २ टक्के. हा पट्टा फार अरुंद आहे, कारण इथे घटना सुट्या येत नाहीत, झुंडीने येतात. एका दिवसात तीन आणि मग दहा दिवस काही नाही, हे नेहमीचं. शिवाय मध्येच शस्त्रसंधी झाली तर? महिन्याच्या सुरुवातीलाच अवस्था बंद होण्याची शक्यता २० टक्के धरलीत तर शून्याची शक्यता २ वरून २०च्या पुढे जाते. म्हणजे तुमच्या अंदाजाला दोन उंचवटे हवेत, एक शून्यापाशी आणि एक चाराच्या आसपास. एकच मधला आकडा, उदाहरणार्थ ‘अडीच’, ही सगळ्यात कमी संभाव्य गोष्ट असू शकते.

जुना वेग नव्या ‘चालू’ अवस्थेला जसाच्या तसा लावू नका. जुलै २०२५च्या दोन बुडण्यांनंतर २०२४सारखी रीघ लागेल असं वाटणारे पुष्कळ होते. पुढची ठळक घटना थेट ३१ ऑगस्टची, सौदीच्या यान्बू बंदराजवळ ‘स्कार्लेट रे’वर नेम चुकला ती, आणि मग २९ सप्टेंबरची.

पायरी ८ : रोज थोडं हलवा

अंदाज नोंदवल्यावर दोन गोष्टी तो हलवतात. एक, काळ. तीस दिवसांचे १७ टक्के असतील आणि पंधरा दिवस शांत गेले, तर उरलेल्या पंधरांसाठी ९ टक्के होतात. बातमी नाही म्हणून आकडा तसाच ठेवणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी आळशी सवय आहे.

दुसरी, नवी माहिती. इथे शक्यतेचं गुणोत्तर वापरा. १७ टक्के म्हणजे १७ विरुद्ध ८३, भागाकार ०.२०५. समजा अल-हुतींच्या साप्ताहिक भाषणात जहाजांचा नवा, अधिक रुंद वर्ग जाहीर झाला. हल्ला होणार असताना अशी घोषणा दिसण्याची शक्यता, होणार नसतानाच्या तुलनेत किती पट? नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२३मध्ये घोषणेमागून हल्ले आले. मार्च २०२५मध्ये आले नाहीत. हुतींनी मे २०२४मध्ये जाहीर केलेल्या हल्ल्यांच्या ‘चौथ्या टप्प्या’ने भूमध्य समुद्रापर्यंत मारा करण्याची भाषा केली होती, तिथेही फारसं काही दिसलं नाही. तेव्हा दहा पट धरणं उतावीळपणाचं होईल, मी अडीच धरतो. ०.२०५ गुणिले २.५ म्हणजे ०.५१, टक्क्यांत ३४. एका भाषणावरून १७वरून ८०वर उडी मारणाऱ्याला मी लागोपाठ पाच भाषणं ऐकायला लावीन.

बड्या कंटेनर कंपन्यांच्या हालचाली या कामाला उशिराच्या असतात. त्यांतल्या मर्स्क या कंपनीने डिसेंबर २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात परतण्याचं जाहीर केलं आणि ३१ डिसेंबरच्या ‘मर्स्क हांगझोउ’वरच्या हल्ल्यानंतर पुन्हा थांबवलं. त्या अनुभवाने पोळलेल्या कंपन्या जानेवारी २०२५च्या शस्त्रसंधीनंतरही घाईने परतल्या नाहीत. निर्यातदाराने हे दोन प्रश्न वेगळेच ठेवावेत. हल्ल्याची शक्यता दोन टक्क्यांवर आली तरी तुमचा कंटेनर त्या महिन्यात सुएझमार्गे जाईल असं होत नाही.

पायरी ९ : एका जहाजाचा धोका

घरच्यांचा प्रश्न असतो, ‘आमच्या मुलाच्या जहाजाचं काय?’ त्यासाठी भागाकार करा. समजा दिवसाला तीस जहाजं त्या पट्ट्यातून जातात, महिन्याला नऊशे. महिन्याला एक हल्ला धरला तर सरासरी जहाजाला एका फेरीत नऊशेत एक, म्हणजे ०.११ टक्के. ‘महिन्याभरात कुठेतरी हल्ला होण्याची शक्यता ६३ टक्के’ आणि ‘या जहाजावर होण्याची ०.११ टक्के’ ही दोन्ही विधानं एकाच वेगातून निघतात. घाबरवायचं असेल तर पहिलं सांगतात, समजूत घालायची असेल तर दुसरं.

पण सरासरी जहाज असं काही नसतं. मालक-व्यवस्थापकाच्या ताफ्यातलं कोणी हैफा किंवा अश्दोदला गेलं आहे का, हे पाहा. तसं असेल आणि तेव्हाचा जाहीर वर्ग ‘पूर्ण कंपनी’चा असेल, तर भागाकारातला छेद नऊशेचा राहत नाही. ताफ्यांतली तशी जहाजं त्या महिन्यात पन्नासच जाणार असतील तर धोका पन्नासात एकाच्या जवळ जातो. खलाशाला ध्वजापेक्षा ही माहिती जास्त कामाची आहे.

पडताळा म्हणून युद्धजोखीम विम्याचा दर बघा. जुलै २०२५च्या घटनांनंतर तो जहाजाच्या किमतीच्या सुमारे ०.३ टक्क्यांवरून ०.७च्या आसपास गेला, काहींनी १ टक्का मागितला. पाच कोटी डॉलरच्या जहाजाला ०.७ टक्के म्हणजे साडेतीन लाख डॉलर, तेही साधारण आठवड्याभराच्या संरक्षणाला. हल्ल्यात सरासरी निम्मी किंमत जाते असं मानलं तर या दरातून १.४ टक्के शक्यता निघते. त्यात विमेदाराचा नफा आणि त्याची भीती दोन्ही मिसळलेली असतात, म्हणून सरासरी जहाजासाठी याला वरची मर्यादा समजा. तुमचा आकडा त्याच्याही वर गेला असेल तर हिशेब पुन्हा तपासा.

पायरी १० : गुण मांडा

ब्रायर गुणांची रीत सोपी आहे. घटना घडली तर १, नाही तर ०. त्यातून तुमची शक्यता वजा करा आणि वर्ग करा. कमी गुण चांगले. १७ टक्के म्हटलं आणि घडलं नाही तर ०.०३, घडलं तर ०.६९. कायम ५० टक्के म्हणत बसलात तर प्रत्येक वेळी ०.२५. मार्च २०२५ला ८० टक्के म्हणणाऱ्याला ०.६४ बसले असते.

मात्र या विषयात एकच एकत्रित गुण पुरत नाही, कारण चूक दोन ठिकाणी होऊ शकते. वहीत दोन रकाने करा. पहिल्यात अवस्थेबद्दलचा अंदाज, म्हणजे महिन्याभरात चालू होईल का, बंद होईल का. दुसऱ्यात ती अवस्था प्रत्यक्षात असताना मोजणीचा अंदाज. पहिल्यात गुण खराब असतील तर गाझा, ओमानचं मस्कत आणि हुतींच्या ताब्यातलं साना इथल्या राजकारणाचं वाचन वाढवा. दुसऱ्यात खराब असतील तर जहाजांच्या वर्गांची आणि वाहतुकीची नोंद कच्ची आहे, पायरी ५वर परत जा. सहा महिने तरी दोन्ही रकाने भरल्याशिवाय स्वतःच्या १८ टक्क्यांना आणि अडीच पटीला हात लावू नका.